हिलारिया मावशीचा मेणाचा जबडा

हिलारिया मावशी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे. ती कानाच्या पुढच्या बोटभर जागेकडे बघायची, जिथे जबडा कवटीत अडकवलेला असतो. बाजारात बटाटेवाली भावावरून तंडायला लागली की मावशी तिचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "घास उजवीकडेच चावतेस ना गं? डावा सांधा कटकटतोय. दाखव कोणाला तरी." बटाटेवालीचा हात आपोआप गालाकडे जायचा, आणि तराजूत एक बटाटा जास्त पडायचा.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मावशीने मला वरच्या पठारावरून सुक्रे शहरात आपल्या खोलीवर आणलं आणि वाढवलं. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "वेळच झाला नाही. जबडे होते ना."

आपोलोनिया दंतसंस्थेत ती चौदाव्या वर्षी फरशा पुसायला लागली होती. तिथे मेणाचे नमुने करणारा एक म्हातारा होता. त्याचे हात थरथरायला लागले, तशी त्याने मावशीच्या हातांनी कामं करून घ्यायला सुरुवात केली. म्हातारा मेला, काम मावशीकडे राहिलं. पगार बरीच वर्षं फरशी पुसण्याचाच होता. पोयेरा हा पठारी बायांचा घेरदार घागरा, दोन वेण्या आणि वरून पांढरा डगला, अशी ती रोज चढ चढून कामावर जायची. नवीन विद्यार्थी तिला बादली कुठे आहे ते विचारायचे. ती सांगायची.

काम असं होतं. इस्पितळातून बरणी यायची. आत अकाली गळलेला गर्भ, बोटभर, कधी त्याहून लहान. बरणीवर आईचं नाव नसे, "पठारी स्त्री, दहा आठवडे" एवढंच लिहिलेलं. मावशी बरणी हातात घेऊन आमच्या केचुआ भाषेत म्हणायची, "ये वावा, ये बाळा." मग तो गर्भ मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि कापयंत्रावर पुढून मागे, हनुवटीकडून कानांकडे, कापत जायचं. काप इतके पातळ की श्वास जोरात सोडला तर उडतील. बारा काप एका काचपट्टीवर, अंड्याच्या पांढऱ्यात ग्लिसरीन घोटून केलेल्या डिंकाने चिकटवायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकातून आरशाच्या मदतीने कागदावर पन्नासपट मोठे उतरवायचे. एकाआड एक कापाची आकृती मेणाच्या पत्र्यातून कापायची आणि पत्रे एकावर एक रचायचे. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा जबडा तीनशे पत्र्यांनी हातभर लांब होऊन टेबलावर उभा राहायचा.

रविवारी मक्याचे दाणे शिजत असले की ती मला शिकवायची. मी मागितलं नव्हतं, पण तिला दुसरं काही बोलता येत नसे.

"कानापुढे बोट ठेव. तोंड उघड. काय लागलं?"

"काहीतरी पुढे सरकलं."

"तो जबड्याचा माथा. नुसता फिरत नाही, घसरतो पण. अंगात असा दुसरा सांधा नाही, डावा-उजवा दोघांनी एकदमच हलायचं. आता सांग, हाड कशात धरतं?"

"कूर्चेच्या दांड्यात."

"चूक. डॉक्टर व्हायला आलेली पोरंपण असंच सांगतात. आधी गळ्याशी एक कमान असते, चौथ्या आठवड्यात. तिच्यात दोन्हीकडून एकेक दांडा येतो. हाड धरतं ते त्याच्या बाहेरच्या अंगाला. दांडा नुसता आधार देतो आणि विरून जातो."

"सगळा?"

"मागचं टोक राहतं. ते कानात जातं, हातोडी नि ऐरण होऊन. वावा पहिल्यांदा तोंड उघडतं ते त्या कानातल्या हाडांच्या सांध्यावर. जबड्याला स्वतःचा सांधा नंतर येतो. आधी माथा, त्याच्यावर गादी, मग दहाव्या आठवड्याच्या सुमाराला गादीच्या खाली फट पडते. वरची फट त्यानंतर."

"फट म्हणजे काहीच नाही की मग."

"बाई गं, त्या काहीच-नाहीसाठी मी डोळे फोडते. फट नाही पडली तर आयुष्यभर तोंड नाही उघडायचं."

ज्या वर्षी शेतकऱ्यांनी सगळे रस्ते अडवले, त्या वर्षीची गोष्ट. दहावा दिवस होता. शहरात रॉकेल नाही, मांस नाही, अंडी तर आठवडाभर कुणी पाहिली नव्हती. संस्थेत एकच अंडं उरलं होतं. मावशीने त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: काचपट्ट्यांसाठी.

अकराच्या सुमाराला डॉक्टर बेल्मोंते आले. गर्भविभागाचे प्रमुख.

"हिलारिया, पोरी, खायला काय आहे?"

पोरी. डॉक्टर मावशीपेक्षा नऊ वर्षांनी लहान होते.

"माझ्या डब्यात वाळवलेले काळे बटाटे आहेत, डॉक्टर."

"ते आम्हाला नाही गं पचत." आणि ते मागे, शिपाई डॉन फेर्मिनच्या खोलीकडे गेले. मावशी आणि तो एकमेकांना मानाने डॉन, डोन्या म्हणायचे.

मावशी कापयंत्रावर होती. चाळीस पट्ट्या आधीच झालेल्या, एकेचाळीस आणि बेचाळीसचे काप नुकतेच निघाले होते, कोमट पाण्यावर पसरायचे होते. तेवढ्यात तिला तेल तडतडल्याचा आवाज आला. ती उठून मागे गेली.

"डॉन फेर्मिन, ते अंडं कुठंय?"

"साहेबांनी मागितलं."

"त्यावर लिहिलं होतं."

"मला वाचता येत नाही, डोन्या हिलारिया. ज्यांना येतं त्यांनी वाचलं नाही."

डॉक्टर पावाच्या तुकड्याने ताटलीतलं पिवळं पुसत होते. "अंड्यावर काय लिहितेस पोरी? मला वाटलं बारसं केलंस त्याचं."

"पट्ट्यांना आता काय लावू, डॉक्टर? काप निघालेत."

"बाटलीच्या तळाशी असेल की."

"चमचाभर आहे. जुना."

"मग वाढव."

"पातळ होईल. रस्ते सुटेपर्यंत थांबू या ना. ठोकळा थंड ठेवते, हे चोवीस काप कागदात जपते."

"महिनाअखेरीला ला पासला परिषद आहे. ती काय तुझ्या कोंबडीसाठी थांबेल? लाव. तुझे हात आहेत, धरतील."

मावशीने चमचाभर डिंकात पाणी घातलं.

रंगाच्या भांड्यात पट्ट्या उभ्या केल्या आणि काप सुटले. आधी एक कोपरा, मग एकेक करून चोवीसच्या चोवीस, निळसर, पातळ, एकमेकांत गुरफटत. मावशी सांगायची, दुधावरची साय हलवल्यासारखं झालं होतं. तिने बारीक कुंचल्याने त्यातलं जमेल तेवढं उचललं आणि एका पट्टीवर ठेवलं. चुरगळलेलं, कुठलं आधी कुठलं नंतर ते कळायला मार्ग नाही. पण ती बघत बसली. आणि चुरगळलेल्या कापाच्या एका घडीत, गादीच्या बरोबर खाली, केसाएवढी फट होती.

तिने वहीत लिहिलं: "पट्टी ४१, ४२. चोवीस काप सुटले. डिंक पातळ. अंडं नव्हतं. तुकडे एका पट्टीवर, क्रम माहीत नाही. गादीखाली फट दिसते." अंडं कोणी खाल्लं ते लिहिलं नाही. एका माणसाला भूक लागली होती, हे काय वहीत लिहायचं, असं तिला वाटलं.

डॉक्टरांनी वही वाचली नाही. रस्ते सुटल्यावर उरलेल्या पट्ट्या झाल्या, पत्रे कापून झाले, तेव्हा मावशीने त्यांना बोलावलं.

"इथे बारा पत्रे कमी पडतात. नेमकी सांध्याची जागा. दोन्हीकडची."

"मग?"

"मी तेवढ्यात पांढरं मेण भरते. जे नाही ते नाही असं दिसलं पाहिजे. म्हातारबा तसंच करायचे."

"दोन्ही कानांशी पांढरा डाग असलेला जबडा घेऊन मी ला पासला जाऊ? लोकांना वाटेल उंदरांनी खाल्लाय. अलीकडचा नि पलीकडचा पत्रा एकमेकांवर बसव आणि जोडावर अंगठा फिरव."

"हातभर मेणात बोटभर खोटं होईल, डॉक्टर."

"पोरी, जबडा म्हणजे चर्चमधली शपथ नव्हे."

तिने पळी तापवली, जोड वितळवला, अंगठा फिरवला. इतका साफ की नंतर तिलाच शोधायला लागायचा.

ला पासला त्या जबड्याला बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला, मधे मेणाचा जबडा, शेजारी डॉक्टर बेल्मोंते. मावशीने फोटो कापून भिंतीला लावला. खालचा मजकूर वाचायला चष्मा घरात नव्हता, आणि मी वाचून दाखवायला वसतिगृहातून रविवारीच यायचे. त्या रविवारी मी आलेच नाही.

मी तेव्हा शिक्षिका होण्याच्या अभ्यासाच्या दुसऱ्या, शेवटच्या वर्षाला होते. आमच्या प्राध्यापकांनी तो अंक वर्गात आणला.

"हे बघा विज्ञान. दहाव्या आठवड्यात युरोपातल्या गर्भाच्या सांध्यात पोकळी असते. आपल्या पठारी गर्भात नसते. म्हणजे पठारी मुलाचा जबडा आईच्या पोटातच दोन आठवडे मागे असतो. त्याची स्पॅनिश जड का, याचं उत्तर इथे आहे. तुम्ही वरच्या गावांत शिकवायला जाल, तेव्हा अपेक्षा बेताच्या ठेवा. त्यांचा दोष नाही, बिचाऱ्यांचा."

मागच्या बाकावरून एक मुलगी मला म्हणाली, "एल्बा, तोंड उघड बघू, किती उघडतंय." सगळे हसले. प्राध्यापकही थोडे हसले, आणि "असं नाही बोलायचं" म्हणाले.

रविवारची वाट न बघता मी शनिवारीच घरी गेले. मावशी सूप वाढत होती.

"तुझ्या मेणाची वर्गात पूजा झाली," मी म्हटलं.

"हो? काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. शब्द न् शब्द, प्राध्यापकांच्या आवाजात. मला नक्कल चांगली जमते. पळी मावशीच्या हातात तशीच राहिली, सूप थेंब थेंब परत भांड्यात पडत होतं.

"फट होती," ती म्हणाली.

"काय?"

"फट होती, एल्बा. मी बघितली." आणि मग तिने अंड्यापासून अंगठ्यापर्यंत मला सांगितलं.

"मग जाऊन सांग ना."

"काय सांगू? माझ्या हातून चोवीस काप वाहून गेले म्हणून? निवृत्तीला दोन वर्षं आहेत."

"अंडं त्यांनी खाल्लं म्हणून सांग."

"अंडं त्यांनी खाल्लं. अंगठा मी फिरवला."

"बरं, मग बस गप्प," मी म्हटलं. "जबडा उशिरा आलेल्या लोकांना गप्प बसणं जमतंच."

तिने पळी परत सुपात बुडवली. माझ्या वाटीत सूप वाढलं, स्वतःच्या वाटीत वाढलं नाही. माझं ते वाक्य मी परत घेऊ शकले असते. मला तेव्हा ते फार छान जमलं असं वाटलं होतं.

सोमवारी मावशी सणाची पोयेरा नेसून संस्थेत गेली. चुरगळलेल्या कापांची पट्टी रुमालात गुंडाळून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"एकेचाळीस नि बेचाळीस. यात फट आहे, डॉक्टर. आपल्या पोरांचा सांधा वेळेवरच येतो."

"ही चिंधी आहे, हिलारिया."

"चिंधीत फट दिसते."

"चिंधी चुरगळली की फाटतेच."

"फाटलेलं वेडंवाकडं असतं. ही गादीची कड धरून गेलीय, दोन्ही अंगांना पेशी ओळीत बसल्यात. तुम्ही बघा तरी. सूक्ष्मदर्शक पुसून ठेवलाय मी."

"बक्षीस मिळालंय पोरी. आता बघून मी काय करू?"

"वर्गात पोरींना सांगतायत की त्या मंद आहेत म्हणून."

"मी मंद कुठे म्हटलं? उशिरा म्हटलं. तू घरी जा. थकलीस."

ती घरी गेली नाही. वही घेऊन संचालकांच्या दारात उभी राहिली, तीन दिवस, कामाची वेळ संपल्यावर. चौथ्या दिवशी संस्थेची चौकशी समिती बसली: संचालक, दोन जुने प्राध्यापक, आणि एका कडेला डॉक्टर बेल्मोंते. तिला खुर्ची दिली नाही. हे तिने मला नंतर सांगितलं तेव्हा तक्रार म्हणून नाही सांगितलं. म्हणाली, "उभं राहिल्यावर सगळ्यांचे सांधे दिसत होते. संचालक दात खातात झोपेत."

"बाई, काप कोणाच्या हातून गेले?" संचालकांनी विचारलं.

"माझ्या."

"लिहून घ्या. आणि जोड कोणी भरला?"

"मी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून."

"भरला तुम्ही. लिहून घ्या."

"डिंक पातळ झाला, कारण अंडं—"

"अंड्याचा इथे काय संबंध?"

"अंडं डॉक्टरांनी खाल्लं."

दोघे प्राध्यापक हसले. एकाने चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टर बेल्मोंतेसुद्धा हसले, अगदी मोकळेपणाने, आणि म्हणाले, "मी आयुष्यात पुष्कळ अंडी खाल्ली आहेत, सगळ्यांचा हिशोब मागू नका."

डॉन फेर्मिनला बोलावलं. त्याला काही आठवत नव्हतं. बाहेर जिन्यात त्याने मावशीचा हात धरला. "डोन्या हिलारिया, माझी चार पोरं आहेत."

"माहितीये," मावशी म्हणाली. "त्यांचेपण जबडे वेळेवरच आले. मी बघितलेत."

मग कागद आला. त्यात दोनच वाक्यं होती. पहिलं: नमुन्याचे चोवीस काप मेणकाम करणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणाने नष्ट झाले. दुसरं: या नुकसानीचा संशोधनाच्या निष्कर्षावर परिणाम झालेला नाही, असं ती मान्य करते. सही केली तर दोन वर्षं नोकरी, मग निवृत्तिवेतन. संचालकांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

मावशीने कागद दोनदा वाचला, बोट ठेवून. पहिल्या वाक्याखाली सही केली. दुसरं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं.

"खाडाखोड केलेला कागद चालत नाही, बाई."

"मग नवा आणा. एका वाक्याचा."

नवा कागद आला. तो तीन ओळींचा होता, आणि त्यावर तिच्या सहीची गरज नव्हती. पट्टी समितीच्या टेबलावरच राहिली, संस्थेची मालमत्ता म्हणून. सूक्ष्मदर्शक शेजारच्या खोलीत होता. कोणी उठून गेलं नाही.

तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर मावशी डगला घडी करून ठेवून घरी आली. आठवडाभर ती झोपूनच होती. मग उठली, मेण आणलं, वाती आणल्या आणि चर्चच्या दाराशी विकायला मेणबत्त्या ओतायला लागली. मेणबत्त्या इतक्या सरळ की बाया हातात घेऊन विचारायच्या, "यंत्रावरच्या का हो?" आणि भाव पाडायच्या, यंत्राची वस्तू स्वस्त हवी म्हणून.

मेणाचा जबडा संस्थेतल्या काचेच्या कपाटात आहे. वहीतलं मात्र कोणीतरी वाचलं असावं, कारण मावशीला काढल्यावर कपाटातल्या पाटीवर एक ओळ वाढली: मेणकाम, हिलारिया कोंदो. तिच्या हातच्या शंभरावर नमुन्यांत तिचं नाव असलेला तेवढा एकच. उद्या चूक सापडली, तर ती कोणाची ते लिहून ठेवलेलं. डॉन फेर्मिनने येऊन सांगितलं. त्याला वाटलं ही आनंदाची बातमी आहे. कोणीतरी त्याला वाचून दाखवली होती.

नोव्हेंबरात माझी शेवटची परीक्षा झाली. चौथा प्रश्न वीस गुणांचा होता: पठारी मुलांच्या उच्चारदोषांची शारीरिक कारणे आकृतीसह लिहा.

बाकीच्या प्रश्नांत मी कच्ची होते. वीस गुण गेले तर वर्ष गेलं असतं, आणि घरात आता मेणबत्त्यांचेच पैसे येत होते. मी लिहिलं, दोन आठवडे. मी लिहिलं, पोकळीचा अभाव. आकृती काढली, माथा, गादी, वरची खोबण, सगळं प्रमाणात. वर्गात तशी आकृती कोणालाच काढता आली नाही. परीक्षकांनी शेजारी तांबड्या शाईत लिहिलं, उत्तम.

निकाल लागला त्या दिवशी मी घरी गेले. मावशी भांड्यात मेण वितळवत होती.

"झालीस पास?"

"झाले."

"तो प्रश्न आला असेल."

"आला."

"आकृती काढलीस?"

"काढली."

"गादी दाखवलीस?"

"हो."

"आणि गादीखाली?"

मी शेजारची एक वात उचलली आणि बोटांनी सरळ करायला लागले.

"मग वीसच्या वीस मिळाले असतील," मावशी म्हणाली, आणि तिने भांड्याखालचा जाळ कमी केला.